कमरेला लावायचं पहिलं शस्त्र : वाचकांचे प्रश्न

परवान्याच्या हातबंदुकीबद्दल आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. बहुतेकांचा सूर एकच आहे : परवाना हातात आला किंवा येऊ घातला आहे, आता घ्यायचं काय? नावं मुद्दाम छापलेली नाहीत. घरात शस्त्र आहे हे गावभर कळू नये, हा सुरक्षेचा पहिला धडा आहे.

लासलगावला कांद्याचा व्यापार आहे. लिलावाच्या दिवसांत रोकड घेऊन फिरावं लागतं. परवान्यावर ‘३२ बोअर रिव्हॉल्व्हर/पिस्तूल’ असं लिहून आलंय. दोन्हीपैकी काय घेऊ? आजवर हातात बंदूक धरलेली नाही.

रिव्हॉल्व्हर घ्या. कारणं ऐकून घ्या, म्हणजे दुकानात मन फिरणार नाही.

पिस्तूल चपटं असतं. शर्टाखाली कमी दिसतं, मॅगझिनमध्ये एक-दोन गोळ्या जास्त बसतात आणि चाप हलका असतो. हे सगळं खरं आहे. पण ३२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) जवळपास सगळी पिस्तुलं साध्या ब्लोबॅक पद्धतीची असतात. गोळी सुटल्यावर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि येताना नवं काडतूस नळीत ढकलते. ही साखळी पूर्ण व्हायला मनगट घट्ट लागतं. घाबरलेला माणूस हात सैल सोडतो. मग स्लाइड पुरती मागे जात नाही आणि पुंगळी तोंडाशी उभी अडकते. ती कशी काढायची हे हाताला पाठ हवं, आणि हाताला पाठ व्हायला गोळ्या झाडाव्या लागतात.

खरी अडचण तिथेच आहे. परवान्यावर दोन आकडे असतात : एका वेळी जवळ किती काडतुसं ठेवता येतील आणि वर्षभरात किती घेता येतील. तो कोटा खेळाडूंना मिळतो तसा भरघोस नसतो. नवं पिस्तूल भरवशाचं आहे की नाही हे कळायलाच दीड-दोनशे गोळ्या लागतात. तेवढ्या तुम्हाला मिळणार नाहीत. रिव्हॉल्व्हरचा तीन चतुर्थांश सराव रिकाम्या शस्त्रावर होतो, कारण त्यात शिकायची मुख्य गोष्ट एकच असते : लांब, जड चाप सरळ मागे ओढणं. शिवाय एखादं काडतूस फुसकं निघालं तर दुसऱ्यांदा चाप ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. डोकं चालवायला लागत नाही.

आता कुठलं रिव्हॉल्व्हर? आयुध निर्माणींचं जुन्या धाटणीचं ३२ बोअर हे वेब्ली पद्धतीचं, म्हणजे वरची खिट्टी दाबली की मधून मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं. ‘निर्भीक’ त्याच जातीचं, पण टायटॅनियमच्या मिश्रधातूचं. २०१४ मध्ये कानपूरहून आलं तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या घरात होती, वजन साधारण ५०० ग्रॅम. २०२३ मध्ये कानपूरच्याच अॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या सरकारी कंपनीने ‘प्रबल’ आणलं. त्याचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं भरायचं फिरतं नळकांडं, कडेला उघडतं. वजन काडतुसांशिवाय ७०० ग्रॅम, नळी ७६ मिलिमीटर, एकूण लांबी १७७.६ मिलिमीटर. जाहिरातीत पन्नास मीटर पल्ल्याची बरीच चर्चा झाली. तिच्याकडे दुर्लक्ष करा. कमरेच्या शस्त्राचं काम तीन ते सात मीटरवर असतं. पन्नास मीटरवरच्या माणसावर गोळी झाडून तो स्वसंरक्षण होता हे न्यायालयाला पटवून देणं कठीण आहे.

तुम्ही धोतर-पायजमा न घालता पँट-पट्टा वापरत असाल आणि दिवसाचा बराच वेळ गाडीत किंवा गाळ्यावर जात असेल, तर ‘प्रबल’सारखं ७०० ग्रॅमचं शस्त्र झेपतं. वजन जास्त म्हणून झटका कमी, आणि कडेला उघडणारं सिलिंडर भरायला सोपं. वजन नकोच असेल तर ‘निर्भीक’. दुकानात दोन्ही मागा. आधी रिकामं असल्याची खात्री करून घ्या, मालकाची परवानगी घ्या, नळी सुरक्षित दिशेला ठेवा. मग नळीच्या वरच्या सपाट पट्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवून घोडा (मागचा हातोडीसारखा भाग) न चढवता नुसता चाप ओढा. दहा वेळा. ज्या शस्त्रावर नाणं कमी वेळा पडेल ते तुमच्या हाताचं.

पोलिसांकडे असतं तसं ९ मिलिमीटर पिस्तूल मिळेल का? पैशांचा प्रश्न नाही. (अंबड)

नाही. ९ मिलिमीटर हा निषिद्ध बोअर आहे, सामान्य परवान्यावर मिळत नाही. कोणी ‘करून देतो’ म्हणाला तर तो एकतर तुम्हाला फसवतोय किंवा गावठी कट्टा गळ्यात मारतोय. निषिद्ध नसलेलं साधं शस्त्रही विनापरवाना बाळगल्याबद्दल शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ खाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. कट्ट्याची नळी बहुधा साध्या पाइपाची असते. ती पुढच्या माणसाइतकीच मागच्यालाही धोक्याची.

इंदिरानगरला राहतो. सराफी दुकान आहे. परवान्यासाठी सुरुवात कुठून करायची? प्रशिक्षण सक्तीचं आहे का?

नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्यांचा परवाना पोलीस आयुक्त देतात. निफाड, सिन्नर, दिंडोरी, इगतपुरी अशा ग्रामीण भागात तोच अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांचा, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा. तुमचं दुकान कुठे आहे यापेक्षा तुम्ही राहता कुठे हे पाहिलं जातं. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची प्रत आणि कागदपत्रं कार्यालयात द्यायची. वय एकवीस पूर्ण हवं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नमुना ए-१ मधला अर्ज, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, शारीरिक-मानसिक आरोग्याचा डॉक्टरांचा दाखला आणि शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. घरी शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय आहे असं हमीपत्रही द्यावं लागतं. ते लिहून देण्याआधी तिजोरी भिंतीला खरंच बोल्टने जखडून घ्या. चौकशीला आलेला हवालदार बघू शकतो.

अर्ज अडतो तो बहुतेक ‘गरज’ या रकान्यात. ‘सुरक्षेसाठी’ एवढ्या एका शब्दावर भागत नाही. दुकानाचा परवाना, जीएसटी आणि प्राप्तिकराची विवरणपत्रं, माल ने-आण करण्याचा रस्ता आणि वेळा, आधी चोरी किंवा धमकीची तक्रार नोंदवली असल्यास तिची प्रत, हे सगळं जोडा. तक्रार नसेल तर ओढूनताणून तयार करू नका, पोलीस पडताळणीत उघडं पडतं. नकार आला तर कारण लेखी मागा. शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खाली अपील करता येतं.

परवाना आता पाच वर्षांचा असतो. एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं. शस्त्र घेतल्यावर ते परवाना देणाऱ्या कार्यालयात दाखवून त्याचा क्रमांक परवान्यावर चढवून घ्यायचा. ही नोंद व्हायच्या आत ते कमरेला लावून फिरू नका.

मी डॉक्टर आहे, रात्री-अपरात्री गंगापूर रोडवरच्या हॉस्पिटलमधून एकटी गाडीने परतते. हात लहान आहे. ‘निडर’ २२ बोअर हलकं आहे म्हणून सुचवलं गेलं. पर्समध्ये ठेवलं तर चालेल?

डॉक्टर, ‘निडर’ हे रिव्हॉल्व्हर अडीचशे ग्रॅमच्या आसपास आहे, पर्समध्ये विसरून जाल इतकं. पण हलकेपणासाठी दोन गोष्टी सोडाव्या लागतात. पहिली, २२ चं काडतूस रिमफायर असतं. त्यातली ठिणगी पेटवणारी दारू बुडाच्या कडेच्या वळणात भरलेली असते आणि ती सगळीकडे सारखी पसरलेली असेलच असं नाही. म्हणून २२ मध्ये फुसकी काडतुसं ३२ पेक्षा जास्त निघतात. दुसरी, त्याची गोळी अवघ्या अडीच ग्रॅमची. ३२ रिव्हॉल्व्हरची नेहमीची शिसाची गोळी साधारण ६.३५ ग्रॅमची असते. तीही काही फार मोठी नाही, पण फरक अडीचपट आहे.

तरीही चाप ओढला जात नसेल तर ३२ चा उपयोग शून्य. घोडा न चढवता चाप ओढायला साधारण पाच-सहा किलोचा जोर लागतो. दुकानात एकदा ओढून बघण्यात अर्थ नाही, सलग सहा वेळा ओढून बघा. चौथ्या-पाचव्या वेळी मनगट थरथरायला लागलं की समजायचं हे जड आहे. तर्जनीचं टोक न लावता पहिल्या पेराची घडी चापावर आणली तर पकड वाढते. लहान हाताला मूठच जाड पडत असेल तर आधी मुठीच्या पट्ट्या पातळ करून घ्या, शस्त्र त्यानंतर बदला. आणि कोणी ‘स्प्रिंग कापून चाप हलका करून देतो’ म्हटलं तर करू देऊ नका. घोड्याची स्प्रिंग कमजोर झाली की पिन काडतुसावर हलकी आपटते आणि नेमक्या वेळी नुसताच ‘टक’ आवाज येतो.

महिना-दोन महिने रोज दहा मिनिटं रिकाम्या शस्त्रावर सराव केला तर बहुतेक हात ३२ च्या चापाला तयार होतात. तेवढं करून पाहा, नाही जमलं तर ‘निडर’ घ्या. मात्र २२ वर रिकामा सराव करायचा तर डमी काडतुसं घातल्याशिवाय करू नका. रिमफायरची पिन चेंबरच्या (काडतूस बसतं त्या भोकाच्या) कडेवर आपटून दोन्ही खराब होतात.

पर्सचं म्हणाल तर शस्त्रासाठी वेगळा, कडेने उघडणारा कप्पा आणि आत शिवलेला होल्स्टर (शस्त्राचं म्यान) असेल तरच. किल्ल्या, लिपस्टिक, पेन असलेल्या कप्प्यात उघडं शस्त्र म्हणजे चापात काहीतरी अडकण्याची वाट पाहणं. आणि पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवून कॅन्टीनमध्ये चहा घ्यायला जायचं नाही. शस्त्र अंगावर असतं तेव्हा त्याचा ताबा आपोआप राहतो. पर्स हिसकावली गेली तर शस्त्रही गेलं. पर्सच हिसकावण्याची भीती असेल तर पर्सेत शस्त्र ठेवण्यात काय हशील?

ओळखीच्यांचं वीस वर्षांचं ३२ बोअर रिव्हॉल्व्हर स्वस्तात मिळतंय. घेताना काय तपासू? (सिन्नर)

आधी कायदा. परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकाला शस्त्र विकायचं तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस थांबायचं, असं शस्त्र अधिनियमाचं कलम ५ सांगतं. तोवर शस्त्र त्यांच्याच घरी. ‘आधी घेऊन जा, कागद नंतर करू’ याला साफ नाही म्हणा.

मग शस्त्र. उघडा, सहाही चेंबर डोळ्याने आणि बोटाने रिकामे असल्याचं पाहा. नळीच्या मागच्या तोंडाशी पांढरा कागद धरून त्यावर टॉर्च मारा आणि पुढून आत पाहा. पिळाच्या रेषा स्वच्छ दिसल्या पाहिजेत. करडे, खडबडीत पट्टे दिसले तर ते बहुतेक साठलेलं शिसं असतं, घासून जातं. खड्डे दिसले तर तो गंज, तो जात नाही. नळीच्या आत एखादी गोल काळी सावली, अंगठीसारखी, दिसली तर व्यवहार तिथेच संपवा. कधीतरी अडकलेल्या गोळीमागे दुसरी झाडली गेली आहे आणि नळी आतून फुगली आहे.

नंतर सिलिंडर. चाप पूर्ण ओढून मागेच धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचित हालचाल चालते. खुळखुळत असेल तर गोळी नळीच्या मधोमध न जाता कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूने उडतात, शेजारी उभ्या माणसाच्या चेहऱ्यावरही. हे सहाही चेंबरवर करा, कारण बिघाड बरेचदा एकाच चेंबरचा असतो. सिलिंडरचं तोंड आणि नळी यांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा : ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान हवी. फीलर गेज सिन्नर किंवा सातपूरच्या कुठल्याही टूलरूमवाल्याकडे मिळेल. पण गेज शस्त्राकडे न्या, शस्त्र टूलरूमकडे नको. शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो. लेथवाला मित्र कितीही हुशार असला तरी तो त्यात बसत नाही.

घोडा चढवा आणि चापाला हात न लावता अंगठ्याने घोडा पुढे ढकलून बघा. सुटला तर शस्त्र धोकादायक आहे. मोडून उघडणारं असेल तर बंद करून नळी आणि मूठ दोन हातांत धरून वर-खाली दाबा. वरच्या खिट्टीत खेळ जाणवला तर ती झिजली आहे, आणि झिजलेली खिट्टी दुरुस्त करणारे चांगले कारागीर आता थोडे उरलेत. शेवटचं, शस्त्रावरचा क्रमांक परवान्यावरच्या क्रमांकाशी अक्षर-अक्षर जुळवा. पुसट झालेला, पुन्हा ठोकलेला, घासलेला क्रमांक असेल तर शस्त्र कितीही चांगलं असो, घेऊ नका.

जुन्या आयात शस्त्रांचे भाव ऐकून दचकू नका. खासगी आयात कैक वर्षं बंद असल्यामुळे परदेशी नावाला पैसे पडतात. त्या पैशांत झिजलेली स्प्रिंगही येते आणि तिचा सुटा भाग मिळत नाही. पहिलं शस्त्र म्हणून आम्ही ते सुचवणार नाही.

शर्ट बाहेर काढून रिव्हॉल्व्हर पँटच्या मागच्या खिशात ठेवतो. मित्र म्हणतो लपवून बाळगणं बेकायदा आहे, दिसलं पाहिजे. खरं काय?

उलट आहे. शस्त्र नियम २०१६ मध्ये सार्वजनिक जागी हातबंदूक कशी न्यायची ते सांगितलंय : अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच धारकात किंवा बॅगेत, पूर्ण झाकलेली, आणि बाळगणाऱ्याचा तिच्यावर प्रत्यक्ष ताबा असलेली. म्हणजे आपल्याकडे झाकून नेणं हाच नियम. लग्नात जॅकेट मागे सारून मूठ दाखवणारे नियम मोडत असतात. परवान्याची मूळ प्रत मात्र जवळ हवी, मोबाईलमधला फोटो पुरणार नाही.

पण मागचा खिसा चुकीचाच. त्यात चाप उघडा राहतो, शस्त्र आडवं फिरतं आणि बसताना मूठ वर येते. होल्स्टर घेताना तीन गोष्टी बघा. चापाचं कडं पूर्ण झाकलं गेलं पाहिजे, बाहेरून दाबलं तरी बोट चापापर्यंत जाता कामा नये. रिकामं शस्त्र घालून होल्स्टर उलटा धरला तर शस्त्र पडता कामा नये. आणि शस्त्र काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडं राहिलं पाहिजे. मऊ रेक्झिनचा पाऊच मिटतो आणि परत घालताना दोन हात लागतात. परत घालतानाच अपघात जास्त होतात, कारण तेव्हा शर्टाचं टोक चापाशी येतं. शर्ट डाव्या हाताने वर, पूर्ण बाजूला, मगच शस्त्र आत. घाई कसलीच नाही.

पट्टा साधा फॅशनचा चालत नाही. दुहेरी कातड्याचा, साधारण चार मिलिमीटर जाड, ३८ मिलिमीटर रुंद हवा. पातळ पट्ट्यात ७०० ग्रॅम लोंबकळतं, माणूस दर पाच मिनिटांनी कमरेला हात लावतो, आणि त्या हातावरूनच समोरच्याला सगळं कळतं. जागा उजव्या कमरेच्या किंचित मागे ठेवा. पाठीच्या मधोमध नको. मोटारसायकलवरून पडलात तर मणक्याखाली लोखंड येतं. झब्बा-पायजमा घालणाऱ्यांनी नाडीला होल्स्टर अडकवायचा प्रयत्न सोडून द्यावा. आतून वेगळा रुंद पट्टा बांधून त्यावर होल्स्टर लावावा, वरून झब्बा आहेच.

नवा होल्स्टर आणल्यावर आठवडाभर घरीच, रिकाम्या शस्त्रासह, घालून वावरा. जेवायला बसा, गाडी चालवा, वाकून चपला घाला. कुठे टोचतं ते दोन दिवसांत कळतं. शस्त्र गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून देवळात जाणं हा तर ताबा सोडणंच आहे.

काडतुसं किती जुनी चालतात? आणि ‘फुसकं’ निघालं तर नक्की काय करायचं? (पंचवटी)

रोज अंगावर असलेली काडतुसं वर्षाने बदला. जुनी सरावात झाडा, म्हणजे कोटाही वाया जात नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या काडतुसांच्या खोक्यावर लॉट क्रमांक असतो. खोकं फेकू नका, एकाच लॉटचा माल एकत्र ठेवा. रिकाम्या पुंगळ्याही मोजून जपा. पुढचा कोटा घेताना हिशेब मागितला तर त्याच कामी येतात.

दुकानात ‘३२ ची द्या’ एवढंच म्हणू नका. रिव्हॉल्व्हरचं ३२ लाँग आणि पिस्तुलाचं ३२ ऑटो ही वेगळी काडतुसं आहेत. पिस्तुलाचं काडतूस बऱ्याच रिव्हॉल्व्हरमध्ये बसतंसुद्धा, आणि घोटाळा तिथेच होतो : त्याचा दाब जास्त असतो आणि मोडून उघडणाऱ्या जुन्या शस्त्राची खिट्टी तो सोसायला बनवलेली नसते.

रेंजवर चाप ओढला आणि आवाजच आला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. कधी कधी दारू उशिरा पेटते. मग उघडा. काडतुसाच्या बुडावर पिनची खूण खोल असेल तर काडतूस खराब, उथळ असेल तर स्प्रिंग किंवा पिन तपासा. याहून वाईट म्हणजे आवाज आला पण दबका, ‘फुस्स’ असा, आणि झटका जाणवला नाही. अशा वेळी दुसरी गोळी कदापि झाडू नका. पहिली नळीत अडकलेली असू शकते. शस्त्र रिकामं करून नळीतून लाकडी किंवा पितळी काडी घालून पाहा, आरपार गेली नाही तर कारागिराकडे.

पिस्तूलवाल्यांसाठी एक : रोज रात्री वरचं काडतूस काढून सकाळी तेच पुन्हा नळीत चढवत राहिलात तर प्रत्येक वेळी गोळीचं टोक रॅम्पवर, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेल्या उतारावर, आपटतं आणि गोळी पुंगळीत मागे सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. काडतूस नव्या काडतुसाशेजारी उभं करून बघा; उंचीत फरक दिसला की ते बाद.

रिव्हॉल्व्हर रिकामं करताना सिलिंडर कडेला उघडणारं असेल तर नळी आकाशाकडे करून पुंगळ्या बाहेर ढकलणारी दांडी तळहाताने एकदाच जोरात दाबा. नळी खाली ठेवून दाबली तर न जळलेल्या दारूचे कण चांदणीच्या आकाराच्या पट्टीखाली जातात आणि पुढच्या वेळी सिलिंडर बंद होताना अडतं. गंमत म्हणजे बरेच जण शस्त्र खराब आहे म्हणून ते दुकानात परत घेऊन येतात, आणि दुकानदार जुना टूथब्रश फिरवून परत देतो.

इगतपुरीला फार्महाऊस आहे. पावसाळ्यात एका महिन्यात रिव्हॉल्व्हरवर तांबूस डाग आले, होल्स्टरमध्ये नीट ठेवलं होतं तरी.

तरी नव्हे, म्हणूनच. कातडं ओलावा धरून ठेवतं आणि कमावताना वापरलेली रसायनं लोखंडाला खातात. होल्स्टर फक्त अंगावर असताना वापरा. घरी शस्त्र सुती कपड्यात, तिजोरीत सिलिका जेलची पिशवी टाकून ठेवा आणि जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर वाळवून घ्या. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला बाहेरून तेलाचा हलका हात फिरवा, नळीतून तेलाची चिंधी काढा. चेंबर मात्र भरण्याआधी कोरडे पुसा. आत शिरणारं पातळ तेल काडतुसाच्या बुडातून प्राइमरमध्ये (ठिणगी पेटवणाऱ्या दारूत) झिरपतं आणि काडतूस मरतं. गंज काढायच्या स्प्रेने हेच होतं.

घामही तितकाच वाईट. शरीराच्या बाजूचाच भाग आधी गंजतो, रोज रात्री तेवढा पुसला तरी पुष्कळ.

चोर पैशांची बॅग घेऊन पळाला तर पाठीमागून गोळी झाडता येते का? आणि वरातीत हवेत एखादा बार? (नाशिक रोड)

पळणाऱ्यावर नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्कच उरत नाही. जीव घेण्यापर्यंत जायचं तर मृत्यूची किंवा गंभीर इजेची वाजवी भीती, दरोडा असं काहीतरी समोर हवं. बॅग घेऊन पाठ दाखवून पळणारा माणूस यात बसवणं अवघड. वाहनाचा क्रमांक लक्षात ठेवा, ११२ ला फोन करा.

वरातीतला बार : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना जाईल तो वेगळा.

निवडणुकीत शस्त्र जमा करावं लागतं का? सिंहस्थात काय होईल? आणि ओझरहून विमानाने दिल्लीला जाताना नेता येईल? (पिंपळगाव बसवंत)

आचारसंहितेच्या काळात छाननी समिती कोणी शस्त्र जमा करायचं ते ठरवते. नोटीस आली की पोलीस ठाण्यात जमा करा. पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या दोन्ही लिहून घ्या. बरेच जण काडतुसं मोजायची विसरतात आणि परत घेताना वाद होतो.

२०२७ च्या सिंहस्थात, किंवा एरवीही सणासुदीला, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रं बाळगायला मनाई करणारे आदेश निघतात. परवाना आहे म्हणून ते आपल्याला लागू नाहीत असं गृहीत धरू नका. आदेश वाचा, शंका असल्यास ठाण्यात विचारा, आणि पर्वणीच्या दिवशी रामकुंड किंवा त्र्यंबकच्या गर्दीत शस्त्र नेऊच नका. त्या चेंगराचेंगरीत होल्स्टरवर ताबा राहत नाही.

दिल्लीसाठी आधी परवाना उघडून क्षेत्र पाहा. ‘नाशिक जिल्हा’ किंवा ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलं असेल तर शस्त्र घरीच ठेवा. संपूर्ण भारतासाठी वैध असेल तर विमान कंपनीला तिकीट काढतानाच विचारून घ्या, विमानतळावर नेहमीपेक्षा लवकर पोचा, काउंटरवर स्वतःहून जाहीर करा. शस्त्र रिकामं, काडतुसं वेगळी बांधलेली, दोन्ही चेक-इन सामानात. हँडबॅगेच्या कोपऱ्यात राहिलेलं एकच सुटं काडतूससुद्धा स्कॅनरमध्ये दिसतं आणि दिवस पोलीस ठाण्यात जातो. म्हणून रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला वापरू नका.